जमिनीत गेलेलं मोठं लोखंड डिटेक्टरने कसं शोधायचं

नाशिक शहरात आणि दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या शेतांत जमिनीखाली गेलेलं लोखंड शोधून देणं हे माझं काम आहे. मूळचा मी पाइपलाइन फिटर. नदीवरून शेतापर्यंत आणलेल्या लाइनी जोडताना त्यांचे मातीआड झालेले व्हॉल्व्ह शोधायची वेळ सारखी यायची, त्यातून मेटल डिटेक्टर हातात आला. आता बहुतेक काम तीन प्रकारचं असतं: पेव्हरखाली किंवा डांबराखाली गेलेली चेंबरची बीडाची झाकणं, नांगरटीत वरून कापले गेलेले बोअरचे केसिंग, म्हणजे बोअरमध्ये उभे गाडलेले नळ, आणि जुन्या लोखंडी लाइनी.

हल्ली पुष्कळ जणांकडे ऑनलाइन मागवलेला डिटेक्टर असतो. त्यांचे फोन येतात तेव्हा तक्रार दोनपैकी एक असते. "दादा, मशीन सगळीकडंच वाजतंय, नक्की खणायचं कुठं?" नाहीतर, "मशीन चांदी दाखवत होतं, खणलं तर गंजका पत्रा निघाला." दोन्ही वेळा मशीन ठीक असतं. मोठं लोखंड डिटेक्टरखाली असंच वागतं, आणि ते तसं का वागतं हे एकदा समजलं की त्याच मशीनने झाकणाची कड बोटभर फरकाने दाखवता येते. सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या: लोखंड मोठं असण्याची शक्यता असेल तिथं धातू कोणता ते सुचवणाऱ्या स्क्रीनवरच्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी सिग्नल जमिनीवर किती लांब-रुंद पसरलाय ते मोजायचं.

खिळा लोखंड दिसतो आणि झाकण चांदी, ते का

बाजारात मिळणारा साधा डिटेक्टर व्हीएलएफ, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या जातीचा असतो. त्याची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. धातू त्या क्षेत्रात आला की त्याच्या अंगात विजेचे भोवरे फिरायला लागतात. या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते पकडतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम एवढंच करतात. लोखंड मात्र दोन गोष्टी एकदम करतं. त्याच्यातही भोवरे फिरतात, आणि शिवाय ते चुंबकीय असल्यामुळे कॉइलचं क्षेत्र आपल्या अंगात ओढून घेतं. ही दोन उत्तरं एकमेकांच्या उलट दिशेची असतात. जे वरचढ ठरेल त्याप्रमाणे मशीन आकडा दाखवतं.

खिळा बारीक असतो, भोवऱ्याला फिरायला जागाच नसते. तिथं चुंबकीय बाजू जिंकते, आकडा खाली येतो आणि मशीन लोखंड म्हणतं. दोन फुटांच्या बीडाच्या झाकणात मात्र भोवऱ्याला ऐसपैस जागा असते. भोवरे इतके जोरदार होतात की चुंबकीय उत्तर त्यांच्याखाली दबून जातं आणि ० ते ९९च्या मशीनवर आकडा सरळ ८०-९०च्या घरात जाऊन बसतो, जिथं एरवी तांबं आणि चांदी दिसते. गोल कड्याच्या आकाराच्या वस्तूंचं तर फारच. उभं केसिंग वरून पाहिलं तर कडंच असतं. ट्रॅक्टरचा जाड वॉशरही म्हणूनच चांगला आकडा देतो.

यातून पहिली सूचना निघते. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंड गाळून टाकायची सोय, पूर्ण बंद ठेवा. ती चालू असेल तर मशीन खिळे गाळेल, झाकणाच्या कडेवरचा सिग्नल कधी गाळेल कधी दाखवेल, आणि तुम्ही अर्धवट चित्रावर खणायला लागाल. सगळे धातू दाखवणाऱ्या ऑल मेटल मोडवरच काम करा.

दुसरी गोष्ट अंतराची. नाण्याएवढ्या वस्तूचं उत्तर अंतराबरोबर भयंकर वेगाने विरतं. क्षेत्र जाताना अंतराच्या घनाने कमी होतं आणि वस्तूकडून परत येताना पुन्हा घनाने. म्हणजे अंतर दुप्पट झालं तर उत्तर जवळजवळ चौसष्टाव्या हिश्शावर येतं. वस्तू कॉइलपेक्षा मोठी असेल तर ही घसरण बरीच सौम्य होते. म्हणून माझी सगळ्यात आवडती चाचणी अगदी साधी आहे: सिग्नल मिळाला की कॉइल वर उचला. एक वीत उचलल्यावर आवाज मेला तर खाली किरकोळ वस्तू आहे किंवा लहान वस्तू अगदी वर आहे. गुडघ्याच्या उंचीवरही आवाज येत राहिला तर खाली मोठा ऐवज आहे. या चाचणीला पैसा लागत नाही, मॅन्युअल लागत नाही आणि ती आकड्यापेक्षा कितीतरी जास्त खरं सांगते.

आपल्या मातीचा हिशोब

नाशिकची जमीन डिटेक्टरला सोपी नाही. आपण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकावर राहतो. काळा पाषाण, त्याचा मुरूम आणि त्यापासून झालेली काळी माती, तिन्हींत मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. विश्वास बसत नसेल तर लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओढ्यातल्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटलेली दिसेल. हे कण स्वतः थोडं थोडं उत्तर देतात, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचं उत्तर मशीनला ओळखून वगळायला लावणं, केल्याशिवाय इथं पाऊल टाकू नये.

बॅलन्स करताना जागा स्वच्छ हवी. शोधायच्या जागेपासून दहा-पंधरा पावलं लांब जा, ऑल मेटलवर कॉइल फिरवून खाली काही नाही याची खात्री करा, मग बॅलन्सचं बटण दाबून कॉइल जमिनीलगत ते गुडघ्यापर्यंत वर-खाली करत राहा. वर-खाली होताना आवाज बदलेनासा झाला की झालं. मोठ्या लोखंडावर उभं राहून बॅलन्स केला तर मशीन त्या लोखंडालाच माती समजेल आणि पुढे दिवसभर चुकीचं बोलेल. मशीनमध्ये आपोआप बॅलन्स बदलत राहायची सोय असते, ट्रॅकिंग म्हणतात तिला. मोठं लोखंड शोधताना ती बंद ठेवा, कारण झाकणावर चार वेळा कॉइल फिरली की ट्रॅकिंग हळूहळू झाकण पुसून टाकतं.

मुरमात अधूनमधून एखादा सुटा काळा दगडच सिग्नल देतो. शंका आली की तो दगड उचला, बाजूला नेऊन कॉइलसमोर फिरवा. वाजला तर त्या जागी पुन्हा बघा, बहुतेक वेळा खाली काहीच उरलेलं नसतं.

जवळपासच्या विजेचाही त्रास होतो. शेतात मोटारीची केबल, डोक्यावरून गेलेली लाइन, स्टार्टरचा डबा, हे सगळं कॉइलमध्ये तडतड उठवतं. थ्री फेज लाइट गेलेली असते ती वेळ साधा, नाहीतर मालकाला मोटार बंद करायला सांगा. तेही जमत नसेल तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. मोठ्या लोखंडासाठी कमी सेन्सिटिव्हिटीने काहीच बिघडत नाही, उलट चित्र साफ होतं.

आणि स्वतःच्या अंगावरचं लोखंड काढा. पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी बूट, कमरेला अडकवलेली कुदळ, खिशातली पक्कड. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल त्यांच्या अंगातली गोळी शोधायला स्वतः बनवलेलं विद्युत उपकरण घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे बेल यांना नंतर समजलं. डिटेक्टरचा इतिहास जवळजवळ सुरूच होतो तो जवळच्या मोठ्या लोखंडाने केलेल्या गोंधळापासून.

झाकण: कड कशी काढायची

नाशिक रोडच्या एका सोसायटीतलं काम सांगतो, कारण पद्धत सगळी त्यात येते. ड्रेनेज तुंबलं होतं, मधलं चेंबर पेव्हर बसवताना खाली गेलं होतं. चेअरमन काकांकडे जुना नकाशा होता, पण त्यात चेंबर दाखवलं होतं तिथं आता पार्किंगची शेड. त्यांनी स्वतः आणलेल्या मशीनने तासभर फिरून बघितलं होतं. "इथं वाजतंय, तिथंही वाजतंय, मधे गप्प बसतंय," असं त्यांचं म्हणणं होतं.

मधे गप्प बसतंय, हीच खरी खूण होती. बहुतेक मशीन साधारणपणे हलत्या कॉइलवर चालतात. जमिनीचं उत्तर संथ बदलतं आणि वस्तूचं उत्तर झटकन येऊन जातं, या फरकावर त्यांची चाळणी बसवलेली असते. झाकण किंवा पत्रा कॉइलपेक्षा मोठा असला की कॉइल त्याच्या मधोमध असताना उत्तर बदलतच नाही, एकसारखं राहतं. चाळणीला ते जमीन वाटतं आणि ती ते काढून टाकते. आवाज फक्त कडांवर येतो. म्हणून दोन ठिकाणी वाजतं आणि मधे शांत असतं, तेव्हा दोन वस्तू असाव्यात असं धरून दोन खड्डे घेऊ नका.

यावर उपाय म्हणजे पिनपॉइंट. हा मोड कॉइल स्थिर असली तरी उत्तर देतो. वापरायची रीत अशी: सिग्नलपासून चांगलं चार-पाच फूट लांब, स्वच्छ जागी कॉइल धरा आणि तिथं बटण दाबा. आता बटण न सोडता हळूहळू सिग्नलकडे सरका. आवाज चढायला लागला की कॉइलच्या मध्याखाली खूण करा. खुणेला मी फक्की वापरतो, पेव्हरवर खडू चालतो. मग परत लांब जा, बटण सोडून पुन्हा दाबा, आणि दुसऱ्या बाजूने या. चारही दिशांनी आलात की चार खुणा होतील, शंका वाटली तर तिरक्या दिशांनी आणखी चार. त्या खुणा जोडल्या की आकार जमिनीवर उमटतो.

काकांच्या पेव्हरवर साडेतीन फुटांचं गोल वर्तुळ उमटलं. प्रत्यक्षातलं झाकण त्यापेक्षा लहान असणार हे धरूनच चालायचं, कारण कॉइलला वस्तू कडेच्या बाहेरूनच जाणवायला लागते, आणि वस्तू जितकी खोल तितकं वर्तुळ फुगतं. मध्य मात्र मध्यच राहतो. आम्ही मधले चार ब्लॉक काढले. खाली वाळूचा थर, त्याखाली दोन फुटी झाकणाची नक्षी हाताला लागली. शेडच्या बाजूला जे वाजत होतं ते शेडच्या खांबाच्या पायातलं लोखंड होतं. खांबापासून लांब जाताना तो आवाज एका बाजूने उतरत गेला, त्याभोवती वर्तुळ काही पुरं होईना. तिथंच तो वेगळा कळला.

पिनपॉइंटवर किंवा हलत्या कॉइलवर मशीन एकदम किंचाळायला लागलं किंवा स्क्रीनवर ओव्हरलोड आलं, तर लोखंड वरच्या वर आहे. घाबरायचं नाही, मशीन जळत नाही. कॉइल फूटभर वर घ्या आणि त्याच उंचीवरून चारही बाजूंनी खुणा करा. काही मशीन ओव्हरलोडला पूर्ण गप्प बसतात. तुमचं तसं आहे का हे घरीच फरशीवर तवा ठेवून बघून घ्या.

खोलीचा अंदाज हवा असेल तर स्क्रीनवरची खोली विसरा. ती नाण्याच्या मापाने काढलेली असते, झाकणाला लागू पडत नाही. त्यापेक्षा त्याच सोसायटीतलं दुसरं, उघडं झाकण घ्या. त्यावर कॉइल धरून वर वर न्या आणि आवाज कोणत्या उंचीला मरतो ते टेपने मोजा. समजा सव्वातीन फूट. आता पुरलेल्या झाकणावर तेच करा. समजा जमिनीपासून अडीच फुटांवर आवाज मेला. फरक पाऊण फूट, तेवढ्याच्या आसपास झाकण खाली आहे. सेटिंग दोन्ही वेळा तेच ठेवायचं.

द्राक्षबागेतलं केसिंग

हे काम मी सगळ्यात मन लावून करतो. बंद पडलेला बोअर, तोंडावर कधीतरी टाकलेला पत्रा, त्यावर माती, आणि त्यावरून पोरं पळतात. पत्रा गंजून कधी खाली जाईल सांगता येत नाही. आपल्या जमिनीत असा बोअर असल्याचं घरातलं कोणी म्हातारं माणूस म्हणत असेल तर दुर्लक्ष करू नका, शोधून काढा.

निफाड तालुक्यातल्या एका बागेत आजींनी जागा सांगितली: "विहिरीच्या वाटेला, बांधापासून चार हात आत. तेव्हा बाग नव्हती, कांदा होता." त्या कांद्याच्या वावरात आता लोखंडी अँगल आणि जीआय तारांचा मांडव. डिटेक्टर कुठंही धरला तरी अँगल बोलतो. अशा जागी दोन ओळींच्या बरोबर मधून चालायचं. नऊ फुटी ओळ असेल तर दोन्ही अँगलांपासून साडेचार फूट. कॉइलची उंची आणि चाल एकसारखी ठेवली की अँगलांचा आवाज ठरावीक अंतराने येतो आणि जातो. कान त्या चालीला सरावतो. जिथं चाल मोडते, म्हणजे दोन अँगलांच्या मधे जिथं काही यायला नको तिथं आवाज येतो, तिथं थांबायचं. बागेत फिरायला एप्रिलची खरड छाटणी झाल्यावरचे दिवस बरे, फांद्या अंगावर येत नाहीत.

उभ्या केसिंगची ओळख अशी: सिग्नल जोरदार, आकडा चढा, पण पसारा लहान, आणि उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम कुठूनही आलात तरी रुंदी सारखीच. आडवा पाइप एका दिशेला अरुंद आणि दुसऱ्या दिशेला लांबच लांब जातो. नांगराचा तुटलेला फाळ किंवा कोळप्याची पास एका दिशेने एक आकडा देते, नव्वद अंशांत फिरून आलं की भलताच. प्रत्येक सिग्नलवर निदान एकदा काटकोनात फिरून या. यात आळस केला की खड्डे वाढतात.

दुसरी साक्ष होकायंत्राची घ्या. केसिंग म्हणजे जमिनीत उभा गाडलेला दहा-वीस फुटांचा, कधी आणखी लांब लोखंडी नळ. पृथ्वीच्या क्षेत्रात उभा राहून राहून तो चुंबक झालेला असतो, आणि आपल्याकडे त्याचं वरचं टोक बहुतेक वेळा सुईचं उत्तर टोक आपल्याकडे ओढतं. साधं होकायंत्र जमिनीलगत, सिग्नलच्या भोवती फिरवा. सुई सतत मध्याकडे वळत राहिली तर खाली लोखंडच आहे, आणि उभंच आहे. फोनमध्ये चुंबकीय सेन्सर असतो, त्याचं ॲप घेतलं तर मोकळ्या वावरात ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दिसतो; केसिंग फूट-दीड फुटावर असेल तर तिथं तो ठळक बदलतो. अँगलजवळ मात्र फोन काहीच कामाचा नाही. आणि चांदी, तांबं, ॲल्युमिनियम सुईला हलवत नाहीत, त्यामुळे चढ्या आकड्याने भुलवलेल्या माणसाला भानावर आणायलाही हीच सुई उपयोगी पडते.

त्या बागेत सिग्नल आजींच्या चार हातांच्या जवळपासच निघाला. दीड फूट मातीखाली केसिंगचं तोंड, त्यावर कागदासारखा पातळ झालेला पत्रा. आजींनी नातवाला हाताला धरून लांब उभं केलं होतं. मालकाने त्याच दिवशी तोंडावर जाड प्लेट वेल्ड करून घेतली आणि पुढच्या आठवड्यात बोअर मुरूम आणि दगडांनी भरून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सोडून दिलेल्या बोअरबद्दल सूचना दिल्या आहेत, त्यात तळापासून जमिनीपर्यंत भरून काढणं हेच सांगितलंय. नुसतं तोंड झाकून सोडू नका.

केसिंग पीव्हीसीचं असेल तर डिटेक्टरला दिसणार नाही, सुईलाही नाही. मग आत राहिलेला लोखंडी पाइप, क्लॅम्प किंवा तोंडावरचा पत्रा, यांपैकी काही असेल तरच आशा.

लाइनी, स्लॅब आणि मोठी मशीन

लोखंडी लाइन शोधताना लाइनीला आडवं चाला, पाच-पाच पावलांवर. प्रत्येक वेळी आवाजाचा माथा जिथं येतो तिथं फक्की. खुणा सरळ रेषेत आल्या की लाइन मिळाली. रेषा सोडून पसारा एकदम रुंदावला तर तिथं व्हॉल्व्ह, फ्लँज किंवा बेंड असण्याची शक्यता. आपल्याकडच्या बहुतेक शेतीच्या लाइनी पीव्हीसीच्या आहेत, फक्त रस्त्याखालून जाताना लोखंडी तुकडा घातलेला असतो. तो तुकडा आणि व्हॉल्व्ह सापडले की मधली लाइन दोरी ताणून काढता येते.

सिग्नल सगळीकडे आहे आणि कुठंच कड येत नाही, असं झालं तर तुम्ही सळईच्या जाळीवर उभे आहात. काँक्रीटच्या जाळीतून खालचं झाकण व्हीएलएफने वेगळं काढणं जवळजवळ अशक्य. तिथं वेळ घालवू नका. दुसरं चेंबर उघडून लाइनीत रॉड किंवा कॅमेरा घाला.

झाकण किंवा टाकी चार-पाच फूट खाली असेल तर साधी कॉइल पुरत नाही. मोठी कॉइल लावली की मोठ्या वस्तूंसाठी खोली वाढते आणि खिळ्यांचा त्रास कमी होतो. त्याहून पुढे दोन डब्यांचं मशीन येतं: दांड्याच्या एका टोकाला क्षेत्र सोडणारा डबा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा. या जातीचं मूळ गेरहार्ड फिशर यांच्याकडे जातं, अमेरिकेत १९३७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. खिळे, बाटल्यांची बुचं, तारेचे तुकडे ते ऐकतच नाही, आणि लोखंडी पिंप किंवा लाइन ऐकतं. जुन्या वाड्याच्या पडझडीत, जिथं पावलोपावली खिळे आहेत, तिथं मला दुसरं कुठलंही मशीन नको असतं. पल्स जातीचं, म्हणजे क्षेत्र झटक्याझटक्याने सोडणारं मशीन खोल जातं आणि आपल्या मातीचा त्रासही बराच कमी करून घेतं, पण लोखंड की तांबं हे सांगण्याची त्याच्याकडून अपेक्षा धरू नका. फक्त लोखंड शोधणारा चुंबकी लोकेटर झाकणाला आणि केसिंगला उत्तम, पण अँगल आणि काळे पाषाण असलेल्या जागी त्याला हातात धरणाऱ्याचा कान तयार हवा.

खणण्याआधी

देवळालीच्या बाजूला तोफखान्याची सराव मैदानं आहेत. त्या टापूत जड, लांबट सिग्नल मिळाला किंवा वर गंजलेलं गोळ्यासारखं काही दिसलं, तर हात लावू नका, कुदळ टेकवू नका. जागा लक्षात ठेवून मागे फिरा आणि ११२ ला कळवा. मोठं लोखंड काय आहे हे डिटेक्टर सांगू शकत नाही, हे अशा जागी कायम ध्यानात हवं.

गॅसचा प्लास्टिक पाइप मशीनला दिसत नाही. शहरात खणताना आधी रस्त्याकडेच्या खुणा आणि पाट्या बघा, चौकशी करा, मग हातानेच उकरा. सिग्नलवर थेट पहार मारू नका. कडेपासून फूटभर बाहेर सुरुवात करून आत या. बीड ठिसूळ असतं, पहारीच्या एका घावात झाकणाला तडा जातो. शेतात वाफशावर खणा. उन्हाळ्यात तडकलेली काळी माती आणि पावसाळ्यातला चिखल, दोन्हींत कड हाताला नीट लागत नाही.

गुप्तधनाची कामं मी घेत नाही. पत्र्याच्या चढ्या आकड्यावरून घरं खणलेली मी पाहिली आहेत. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात किंवा भोवतालच्या शंभर मीटरांत खणायचा विचारही करू नये. कोणी गुप्तधनासाठी पूजा, बळी असलं काही सुचवत असेल तर तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. सरळ पोलिसांकडे जा.

वस्तू सापडली की खड्डा बुजवायच्या आधी टेप काढा. न हलणाऱ्या दोन जागांपासून अंतर घ्या: इमारतीचा कोपरा, विहिरीचा कठडा, विजेचा खांब. झाडापासून घेऊ नका, झाड तुटतं. दोन्ही अंतरं आणि खोली कागदावर लिहा, फोटो काढा, सोसायटीच्या किंवा सातबाऱ्याच्या फाइलला लावा. झाकण शक्य असेल तर जमिनीच्या पातळीपर्यंत उचलून घ्या. आणि नवी पीव्हीसी लाइन टाकत असाल तर चारी बुजवण्याआधी पाइपाच्या अंगाने इन्सुलेशन असलेली तांब्याची तार सोडा, तिची दोन्ही टोकं व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये वर काढून ठेवा. पुढे लाइन शोधायची वेळ आली तर त्या तारेत लोकेटरचा सिग्नल सोडून सगळी लाइन वरून चालत काढता येते.